मांजर अठ्ठ्याहत्तर अंशांवर

मावशीच्या मातीकामाच्या भट्टीला मी तापमान मोजणारा बोर्ड बसवला, तेव्हा त्याला सोळा सेन्सर लागतील असं छाती फुगवून सांगितलं होतं. भट्टीला सहा पुरले. उरलेल्या जागा रिकाम्या ठेवणं माझ्या जिवावर आलं. म्हणून एक सेन्सर किटलीला लावला, एक खिडकीला, एक मांजराच्या टोपलीत आणि एक काकांच्या आरामखुर्चीत.

"हा कशाला?" काकांनी विचारलं.

"संशोधन."

ते लगेच संशोधनाला बसले आणि पाच मिनिटांत घोरू लागले.

सोळा जागांची युक्ती सोपी होती. बोर्डाला दोन मोड होते. सिंगल-एंडेडमध्ये सगळे सेन्सर एकाच सामाईक अर्थिंगपासून मोजले जातात. डिफरन्शियलमध्ये प्रत्येकाच्या स्वतःच्या दोन तारा, आणि मोजायचा तो त्या दोन तारांमधला फरक. त्यात जागा निम्म्याच मिळतात. सोळा मिळत असताना आठ कोण घेतो? मी सिंगल-एंडेड निवडला आणि वर चहा प्यायलो.

पुढे मावशीचे दोन मोठे वाडगे बिघडले. पडद्यावर बाराशे चाळीस अंश दिसले की ती भट्टी बंद करायची, आणि वाडगा निघायचा काचपेपरसारखा खरखरीत. आज तिसरा आत होता. तीन आठवड्यांचं काम.

"हाही तसाच निघाला," मावशी शांतपणे म्हणाली, "तर तुझा बोर्ड दाराखाली अडकवीन. दार हल्ली फार आपटतं."

दुपारी आकडा बाराशेवर आला. भट्टी शेवटाला आली की मावशीला स्वस्थ बसवत नाही. तिने नेहमीप्रमाणे माती मळायचं मशीन लावलं. बघता बघता बाराशे चाळीस. तिचा हात भट्टीच्या बटणाकडे गेला.

"मावशी, थांब."

"का?"

"मांजर अठ्ठ्याहत्तर अंशांवर आहे."

आम्ही दोघं बघायला गेलो. मांजर नाकावर पंजा ठेवून झोपलं होतं.

"शिजलेलं वाटत नाही," मावशी म्हणाली.

"काका शहात्तरवर आहेत."

"त्यांचं काही सांगता येत नाही. त्यांना लवकर जाणवत नाही."

खिडकी साठवर होती आणि बाहेर लोक स्वेटर घालून चालले होते. घरातल्या सगळ्यांना एकदम चाळीस अंश चढत नसतात. मी मशीन बंद केलं. मांजर अडतीसवर उतरलं, भट्टी बाराशेवर. पुन्हा लावलं. दोघं पुन्हा वर. एवढा चढउतार होऊनही मांजराने डोळा उघडला नाही.

"मशीन लागलं की अर्थिंगच सरकतंय," मी म्हणालो. "फुटपट्टीच हलली, तर सगळेच उंच दिसणार."

"म्हणजे मागचे दोन वाडगे मी कच्चेच काढले?"

"मशीन तू लावलंस. मोड मी लावला."

"बरं झालं. एवढी मोठी चूक एकटीला पेलली नसती."

मग मशीन बंद ठेवून आम्ही वाट पाहिली. मावशी स्वतःच्या हातांवर बसली होती, खरोखरच. तासाभराने खरे बाराशे चाळीस आले. तिने भट्टीच्या दारातल्या भोकातून आत पाहिलं, मान डोलावली आणि बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. मावशीने वाडगा उजेडात धरला, त्यात बघून केस सारखे केले आणि दाराखाली एक वीट सरकवली.

मी बोर्ड डिफरन्शियलवर घेतला. सहा जागा भट्टीला, सातवी वाडगे वाळायच्या फळीला. राहिली एक.

"मांजराला ठेव," मावशी म्हणाली. "वाडगा त्याने वाचवला."

"आणि मी काय केलं?" खुर्चीतून काका म्हणाले. "मीही शहात्तर सोसले."

वाद नको म्हणून मी आठव्या जागेची एक तार टोपलीतल्या सेन्सरला जोडली आणि दुसरी खुर्चीतल्या. आता तिथे त्या दोघांमधला फरक दिसतो. शून्याच्या आसपास असला की दोघंही झोपलेत, किंवा दोघंही उठून गेलेत. दुसरी शक्यता अजून आलेली नाही.

मावशी आता भट्टी शेवटाला आली की खुशाल मशीन लावते. एकही आकडा हलत नाही. मंगळवारी आठवा तेवढा हलला. आम्ही धावत गेलो. मांजर पाणी प्यायला उठलं होतं.