एका घराचे एकच कार्ड

मी एक जुनी तपासणीची फ्रेम आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना तुमच्या नाकावर जे जड, गोल, धातूचे यंत्र चढवतात आणि ज्यात एकामागून एक काचा सरकवतात, तेच मी. काचांतून काय दिसते ते मला कळत नाही. मी फक्त काचा धरते. दिसण्याचे काम नाकाच्या मालकाचे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझे स्क्रू बसवणारा कारागीर इतका चोखंदळ होता की प्रत्येक स्क्रू तो तीनदा पिळून, तीनदा सैल करून बघे. त्यामुळे मी कित्येक वर्षे डुगडुगले नाही. नाके मात्र मी हजारो पाहिली. नकटी, चाफेकळी, घामट आणि नेमके मी चढल्यावर शिंकणारी. एका आजोबांना माझ्यातून समोरच्या इमारतीच्या खिडकीत बसलेली मांजर दिसली, तेव्हा त्यांनी मला थोपटले होते. तेवढे कौतुक मला आयुष्यभर पुरले.

दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. काकांचे दोन नियम होते. पहिला, भिंतीवरच्या तक्त्यातली ओळ ज्याची त्याने वाचायची. मुलगा खुर्चीत बसला की मागून आई हळूच अक्षरे सांगू लागते. पोराला नंबर लागू नये म्हणून बिचारी धडपडत असते. काका तिला बाहेर बसवत. दुसरा नियम, एका घराचे एकच कार्ड. एका छताखाली राहणारे सगळे एकाच जाड कार्डावर लिहिले जात. नाव, नंबर आणि शेवटच्या रकान्यात नाते. आजी, सून, नातू, घरजावई, सगळे खाली खाली. त्या कपाटात पुरे गाव घरागणिक रचलेले होते. कोणाच्या घरात कोण आले आणि कोण गेले, हे काकांना कपाट उघडले की कळे.

मग नंबर काढणारे एक मोठे यंत्र आले आणि माझी रवानगी खणात झाली. त्याच वर्षी ताई कामाला लागली. यंत्र तीच चालवायची, पण शेवटची खात्री मला बाहेर काढूनच करायची. त्यासाठी मी तिची ऋणी आहे. दुपारी दुकान शांत असले की ती पेटीतल्या काचा एकेक करून मऊ फडक्याने पुसायची, आणि पुसता पुसता माझ्याशी बोलायची. खणातल्या वस्तूशी बोलणारे माणूस फार एकटे असते किंवा फार अडचणीत असते. ताई एकटी नव्हती.

ताईची अडचण काका होते. काकांचा तिच्यावर लेकीसारखा जीव होता आणि त्यांनी तिच्यासाठी सगळे ठरवून टाकले होते. त्यांच्या पुतण्याशी तिचे लग्न होणार, मग दुकान त्या दोघांचे होणार, म्हणजे दुकानही घरात आणि पोरगीही घरात. पुतण्याला किंवा ताईला विचारावे असे त्यांना कधी सुचले नाही. ताईच्या स्वतःच्या कार्डावर एकच ओळ होती. ते कार्ड हातात आले की काका म्हणत, "भरतील, बाकीच्या ओळीही भरतील."

खरे तर कार्डावर नसली तरी घरात दुसरी ओळ सहा वर्षांपूर्वीच भरली होती. ताई ज्या बाईबरोबर राहत होती, ती बस चालवायची. दोघींचे एक घर होते, एक चूल होती आणि कोणी किती वाजता उठायचे यावरून रोजची भांडणे होती. हे ताईने काकांपासून लपवले, असेही नाही. लग्न करायचे नाही, असे ती म्हणाली, तर काका म्हणाले, सगळ्या असेच म्हणतात. आम्ही दोघी राहतो म्हणाली, तर म्हणाले, सोबत असलेली बरी. काकांनी उत्तर आधीच लिहून ठेवले होते. प्रश्न कोणताही आला तरी ते त्याखाली बसे.

तेव्हा सहज सांगून टाकायचे, असे ताईने ठरवले. समोर बसवून, गंभीर चेहरा करून नाही. जाता जाता, बोलण्याच्या ओघात, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे. त्याची तालीम तिने माझ्यापुढे केली. कधी वाक्य लांब होई, कधी आवाज चढे, कधी मध्येच रडू येई आणि मग ते सहज राहत नसे. हे दुकान गेले तर दुसरे मिळेल, असे ती मला म्हणायची. पण काकांनी तोंड फिरवले तर दुसरे काका कुठून आणू, असेही म्हणायची. मित्रांनो, सहज बोलण्यासाठी तिला आठ महिने लागले.

तो दिवस ड्रायव्हरबाईंमुळे आला. त्यांना रस्त्यावरच्या लांबच्या पाट्या पुसट दिसू लागल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या आणि ताईने मला त्यांच्या नाकावर चढवले. काकांनी पेनाचे टोपण काढले, कोरे कार्ड पुढे ओढले आणि नाव विचारले.

ताईच्या हातात काच होती. ती माझ्या खाचेत बसवताना तीनदा कडेवर आपटली. एरवी ती डोळे मिटून काच बसवी.

"नवं कार्ड नको, काका," ती म्हणाली. "माझ्याच कार्डावर घाला. आम्ही एका घरातल्या."

काका हसले. "मैत्रिणी एका खोलीत राहिल्या म्हणून घर होत नाही, पोरी. उद्या तू सासरी गेलीस की हे नाव मी खोडत बसू?"

"नाही खोडावं लागणार. लग्न झालेल्यांचं असतं ना, तसंच घर आहे आमचं. सहा वर्षं झाली." मग तिने तक्त्याकडे बोट केले. "वरून तिसरी ओळ वाच."

ड्रायव्हरबाईंनी ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत चुकीची वाचली. एवढ्या मोठ्या अक्षरांत इतकी चूक मी कधी ऐकली नव्हती.

काकांनी काही लिहिले नाही. त्यांनी टोपण लावले, कोरे कार्ड परत गठ्ठ्यात ठेवले आणि मागच्या खोलीत काचा घासायला गेले. पुढचे तीन दिवस ते ताईशी कामापुरते बोलले. हो, नाही, दे, ठेव. ताई खणातून मला काढायची, काम करायची आणि परत ठेवायची. माझ्याशीही ती बोलेनाशी झाली.

ताईने काढलेल्या नंबरावरून ड्रायव्हरबाईंचा चष्मा काकांनी स्वतः बसवला. त्यांची पद्धत अशी की दोन्ही काचा घासून झाल्या की उजव्या काचेवर पेनाने एक बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे फ्रेममध्ये घालताना घोटाळा होत नाही. चाळीस वर्षे त्यांचा ठिपका चुकला नव्हता. या वेळी तो डाव्या काचेवर पडला. संध्याकाळी ड्रायव्हरबाई चष्मा घालून घराचा जिना उतरल्या, तर त्यांना एकीच्या दोन पायऱ्या दिसल्या. त्यांनी नेमकी नसलेल्या पायरीवर पाय ठेवला. गुडघा सोलला. बस चालवायला बसण्याआधी हे झाले, एवढे नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दुकानात आल्या. ताईला काचांची पाच मिनिटांत गुपचूप अदलाबदल करता आली असती, आणि कोणाला काही कळलेही नसते. पण तिने चष्मा सरळ काकांच्या पुढ्यात ठेवला. "काका, हिला एकाचे दोन दिसतायत. गुडघा फुटलाय."

काकांनी चष्मा उजेडात धरला. मग खणातून मला काढले, फुंकर मारली आणि स्वतः ड्रायव्हरबाईंच्या कानांवर माझ्या दांड्या चढवल्या. एकेक काच त्यांनी खाचेत नीट बसवली.

"आता कसं दिसतं?"

"स्वच्छ."

त्यांनी दोन्ही काचा इकडच्या तिकडे केल्या. "आणि आता?"

"काल जिन्यात दिसलं तसं."

काका स्टुलावर बसले. त्यांनी मला उतरवले, काचा काढल्या आणि ते माझ्या रिकाम्या खाचा बोटाने चाचपत राहिले. ताईला वाटले, आता दुकान सोडून जायला सांगणार. मलाही तसेच वाटले.

"मी आजवर कोणाला दुसऱ्याची ओळ सांगू दिली नाही," ते शेवटी म्हणाले. "आया बाहेर बसवल्या. आणि तुझी ओळ मात्र मीच वाचत बसलो. तू इतकी वर्षं सांगत होतीस."

"मी नीट सांगितलं नाही, काका."

"नीटच सांगितलंस. ऐकायला माणूस नव्हता." मग त्यांनी ड्रायव्हरबाईंच्या गुडघ्याकडे बघितले. "औषध लावलं का त्याला?"

त्यांनी कपाटातून ताईचे कार्ड काढले. दुसऱ्या ओळीवर नाव लिहिले, नंबर लिहिला. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबले. त्यांनी कार्ड ताईकडे फिरवले आणि म्हणाले, हे तूच लिही, माझ्या हाताला अजून सवय नाही. ताईने तिथे 'जोडीदार' असे लिहिले. काकांनी शाई वाळेपर्यंत कार्ड उघडे ठेवले. पुतण्याला काय ते मी सांगेन, असे ते म्हणाले. पुतण्याला म्हणे चष्म्याचे दुकान कधीच नको होते, तो बातमी ऐकून सुटल्यासारखा हसला.

काकांचे सगळे एका दिवसात बदलले, असे मी म्हणणार नाही. कार्ड हातात आले की ते अजूनही क्षणभर थांबतात. पण 'भरतील' असे आता म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई नंबर वाढला का ते बघायला आल्या. मी त्यांच्या नाकावर होते. त्यांनी ताईला आपल्या भाच्याचे स्थळ सांगायला सुरुवात केली. मुलगा कसा, उंची किती, स्वभाव कसा, पार पत्रिकेपर्यंत पोचल्या.

"माझं घर आहे, बाई," ताई म्हणाली. "ती बस चालवते. आता सांगा, आधीचं बरं होतं की हे?"

काच एका दमात खाचेत बसली. कडेवर कुठे आपटली नाही.

बाई म्हणाल्या, "ती? अगं, पण तुला एखादा चांगला..."

मागच्या खोलीत काच घासण्याचा आवाज थांबला. "बाई," काका आतूनच म्हणाले, "तुम्ही फक्त तुमची ओळ वाचा."

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिले नाहीत. एक दांडी सैल झाली आहे आणि तसा कारागीर आता मिळत नाही. माझे मागणे थोडे आहे. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, मऊ फडके वापरा. काच पालथी ठेवू नका, चरे पडतात. आणि कोणी तुमच्यापुढे बसून आपल्याला काय दिसते ते सांगत असेल, तर मागून अक्षरे सुचवू नका. थोडे थांबा. ते माणूस आठ महिने तालीम करून आलेले असते.