अडलेला शब्द

माझ्या भावाला काडीची अक्कल नाही, हे मी कोर्टाच्या जिन्यातच मोठ्याने सांगून टाकलं. स्वतःची पोर कायद्याने दुसऱ्याला देऊन टाकायची, वर आपल्या पायांनी चालत येऊन! तो जहाजावर इंजिन सांभाळतो, बराच काळ समुद्रावरच असतो. चिमी रांगत होती तेव्हाच नवराबायको वेगळे झाले. पुढे तिच्या आईने एका चष्मेवाल्याशी लग्न केलं. आता त्या चष्मेवाल्याला चिमीला रीतसर दत्तक घ्यायचं होतं, आणि त्यासाठी माझ्या भावाने बापाचा हक्क सोडायला हवा होता.

"ताई, आत तोंड उघडू नकोस," तो म्हणाला.

"उघडणारच! त्यासाठीच तर आलेय."

चिमी बोलताना अडते, अगदी पहिल्यापासून. जहाजावरून फोन लागायचा तो घाईचा, कधी कट होईल नेम नाही. त्यामुळे तिने "श..." म्हटलं की हा लगेच, "शाळा ना? छान!" मी तर तिची वाक्यंच्या वाक्यं पुरी करते. माया हो, दुसरं काय!

न्यायाधीश बाईंची खोली लहानशी होती. आम्ही सगळे बसलो, भाऊ मात्र त्यांच्या टेबलासमोर उभाच.

"सही केलीत की कायद्याने ही तुमची मुलगी राहणार नाही. कळतंय ना?"

"हो," तो म्हणाला. आवाज पार बसला होता त्याचा.

बाईंनी चिमीकडे पाहिलं. "बाळ, तुला काही सांगायचंय?"

चिमीने भावाकडे तोंड वळवलं. "ब... ब..."

बाबा! पोर हाक मारतेय! आता विरघळेल हा आणि फिरेल माघारी, म्हणून मी तिच्या मदतीला तोंड उघडलं, तेवढ्यात चष्मेवाल्याकडे लक्ष गेलं. दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा निवांत, जणू आज दुसरं कामच नाही. चिमीची आईही तशीच. भावाचे ओठ 'बाबा' म्हणायला उघडलेच होते. त्याने त्या माणसाकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

टाइप करणाऱ्याने बोटं उचलून धरली. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. अहो, काय सांगू! एका पोरीच्या एका शब्दासाठी इतकी मोठी माणसं गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आणि चिमी? जराही बावरली नाही. डोळे मिटले, श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुणी उठून जाणार नाही, याची तिला खात्रीच होती.

"ब... बस ना," ती म्हणाली. "तुझे पाय थरथरतायत."

बाबा नाहीच! आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात तो शब्द आला नसता. चष्मेवाल्याने उठून आपली खुर्ची पुढे सरकवली आणि भाऊ तिच्यात मटकन बसला.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "विचार करायला वेळ हवा असेल, तर पुढची तारीख देते."

"नको, मॅडम. ती फोनवर 'ब' म्हणाली की मी 'हो गं, बाबाच बोलतोय' म्हणून मोकळा व्हायचो. तिला काय म्हणायचं असायचं, देव जाणे." त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "यांना ठाऊक असेल."

त्याने सही केली. चिमी त्याच्या खांद्याला टेकून बघत होती. मी भांडायला म्हणून आले होते, ते राहूनच गेलं. त्या दोन पुरुषांकडे मी नुसती बघत राहिले. कोण मोठा, ते काही ठरवता येईना.

मग चिमी माझ्याकडे वळली. "आ... आ..."

'आत्या' माझ्या जिभेवर तयारच होतं. ते गिळलं आणि मी थांबले.