घाटमाथ्यावर फुगलेले लोणचे

काशीदच्या तुळशीबाईंची कन्या अमिषा महाबळेश्वरास सासरी गरोदर होती आणि तिला आईच्या हातच्या कोलंबीच्या लोणच्याचे अनावर डोहाळे लागले होते. म्हणून तुळशीबाईंनी स्वहस्ते लोणचे सिद्ध केले, बचत गटाच्या यंत्रावर त्याची पाकिटे घट्ट बंद करून घेतली आणि पती हरेश्वर यांच्या टेम्पोतून त्या लेकीकडे निघाल्या.

आंबेनळी घाट चढून माथ्यावर येताच त्यांनी सहज पिशवीत हात घातला, तो त्या दचकल्या. सारी पाकिटे बेडकासारखी टम्म फुगली होती! फुगले ते नासले, हे कोळ्याच्या घरात शेंबडे पोरही जाणते.

"अवो, थांबा! लोणचं नासलं!"

"कोन हासलं?" घाट चढताना हरेश्वरांच्या कानांना दडे बसले होते.

"तुमचं नशीब हासलं! दोन जिवांच्या पोरीला आता हे इख देऊ काय?"

एका टपरीपाशी टेम्पो थांबला. तुळशीबाई जड अंतःकरणाने पिशवी कचऱ्यात रिकामी करू लागल्या, तेव्हा टपरीवाले दत्तात्रेय उद्गारले, "मावशी, मग माझे वेफरबी टाका की!" दोरीला टांगलेली ती पाकिटेही उशीसारखी तट्ट फुगली होती. "हितं सगळंच फुगतं. हवा पातळ हाय."

"हवा काय कालवन हाय, पातळ व्हायला?"

इतक्यात हरेश्वरांनी जांभई दिली, कान फट्‌कन मोकळे झाले आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुळशे, टोपल्या एकावर एक रचल्या, तर मासळी कुठली दबते?"

"तळाची."

"दर्याकाठी आपन हवेच्या तळाला. वरच्या समद्या हवेचा भार पाकिटावर. हितं भार हलका झाला, म्हनून आतली हवा पसरली. कानातली बी तशीच. लोणचं हाय तसंच हाय."

"तुमच्या टोपल्या ऱ्हाऊ द्या. माझं नाक सांगल ते खरं."

त्यांनी एक पाकीट कापले. फुस्स करून हवा निघाली. तुळशीबाईंनी डोळे मिटून वास घेतला. आंबट, लसणीचा, अगदी ताजा! तरीही आधी स्वतः एक कोलंबी चाखली. मग त्या टपरीच्या बाकावर मटकन बसल्या आणि हसता हसता त्यांच्या नेत्रांतून अश्रू वाहू लागले.

तोच अमिषाचा फोन आला. "आये, लोणचं आनलंस ना?"

"आनलंय गो बाय, चांगलं हाय," तुळशीबाई पदराने डोळे पुशीत म्हणाल्या. "पन लवकर येतो. एक पाकीट तुझा बापूस पावासंगती हितंच संपवतोय."