दुसऱ्याच्या अंगावरचं जॅकेट

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं; दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचा दिवस जवळ आला होता. वर्ष भरायच्या आत बाबांची स्कूबाची पिशवी घराबाहेर गेली पाहिजे, असं आईने बजावलं होतं.

"वापर, नाहीतर वीक. तो काळा सूट मोरीत टांगलेला दिसला की मला वाटतं, तोच उभा आहे."

म्हणून मी पिशवी घेऊन मनिलाहून समुद्रकाठच्या अनिलाओला आले. बाबा दर वर्षी एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, इथे येत. कॉलेजात असताना मीही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरले होते. पुढे मी नोकरीच्या मागे लागले आणि ते एकटे येऊ लागले. वर्षातले चार दिवस पाण्यात, बाकीचं वर्ष पिशवी मोरीत. आई म्हणायची, "कपभर दुधासाठी दारात म्हैस आणून बांधली आहे या माणसाने." बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "भाड्याच्या नळीला दहा जणांची थुंकी लागलेली असते. श्वास तरी माणसाने स्वतःचा घ्यावा."

मला एवढंच हवं होतं. विकायची की ठेवायची ते ठरवण्याआधी एकदा खाली जाऊन त्यांच्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा.

चारिंगचं स्कूबाचं दुकान समुद्राला लागूनच आहे. साठीची ठसठशीत बाई, सगळे तिला तिता, म्हणजे मावशी, म्हणतात. तिने बाबांच्या रेग्युलेटरची नळी बोटांत वाकवली. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या.

"हे नाही जायचं पाण्यात," ती म्हणाली.

"वर्षभर तर नुसतं पडून होतं, तिता."

"म्हणूनच. वापरून नाही मरत हे, पडून मरतं. नळी मी बदलेन गं, पण आत काय झालंय ते मनिलाचा मेकॅनिक उघडून सांगेल. आतलं सगळं रबर नवीन घालेल तो. उद्या माझ्याकडचं घे भाड्याने."

"मला हेच हवंय."

"सगळ्यांना हेच हवं असतं. सुट्टीला येतात, दुकान अंगावर घालून येतात, आणि पहिल्याच बुडीला कुठला पट्टा कुठे लावायचा ते मला विचारतात." तिने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कॉफी घे. गार होतेय."

कॉफी कडू आणि दाट होती. मी रेग्युलेटरचा तोंडात धरायचा रबरी तुकडा तिच्यापुढे केला. त्यावर दातांचे खोल ठसे होते. वर्षभरात मी कितीदा तरी त्यांवरून अंगठा फिरवला होता.

"दुरुस्तीला टाकते. पण एवढा तुकडा बदलू नका म्हणावं. हे बाबांचे दात आहेत."

चारिंगने तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "एर्निंगचेही असतील."

"कोण एर्निंग?"

"माझा गाइड होता. आता जहाजावर असतो." तिने तुकडा टेबलावर ठेवला. "पोरी, तुझे बाबा शेवटची काही वर्षं माझंच सामान भाड्याने घेत होते. जॅकेट पोटावर बसेना त्यांना. ओढून ओढून बकल तोडलं होतं एकदा. मग म्हणाले, एर्निंग, तू घाल हे, रबर तरी जिवंत राहील. एर्निंग पुढे, तुझे बाबा मागे."

"आणि घरी?"

"घरी ओली पिशवी जायची. आईला काय कळणार?" ती हसली. "मी विचारलं होतं, स्वतःचं एवढं महागाचं सामान दुसऱ्याच्या अंगावर का? तर म्हणे, चारिंग, मी घातलं की मला ते दिसतच नाही. मागून बघ, काय शोभून दिसतं!"

मी हसले आणि तुकडा टेबलावरून परत उचलला.

"तुझ्या बाबांचे दात कसे होते? पुढचे पुढे होते का? एर्निंगचा एक अर्धा तुटलेला होता."

मी ठसे पाहिले. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. ते हसताना, जेवताना, औषधाची गोळी गिळताना. दात दिसेनात. ओठ दिसत होते.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"मग शेवटी त्यांनी भाड्याचा कुठला रेग्युलेटर घेतला होता?" कॉफी संपवून मी विचारलं.

"हाताला येईल तो. आणि तोंडातला तुकडा मी दर हंगामाला बदलते, तेही सांगून ठेवते."

सकाळी चारिंग स्वतः माझ्याबरोबर आली. बाबांचं जॅकेट आणि पिवळे फिन्स धड होते, ते तिने चढवले. रेग्युलेटर दुकानातला. "तुझ्या बाबांचं पोट मोठं की माझं, आज लागेल निकाल," असं म्हणत तिने बकल ओढलं. ते बसलं. ती थोडी हिरमुसलीच.

माझ्या तोंडात भाड्याचं रबर होतं. त्याला जंतुनाशकाची चव होती, कुणाचीच नव्हती. खाली जाताना कान दुखले, मी थांबले, पुन्हा निघाले. पुढे बाबांचं जॅकेट चाललं होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले. बाबांना इथून काय दिसत असेल, ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जॅकेट शोभत होतं हे मात्र खरं.

चारिंग बेडकासारखे पाय फाकवून संथ जात होती. गाळाचा कण हलत नव्हता. आणि एकदम मला वाटलं, नाही, हे चूक आहे. बाबा असे जात नसत. ते गुडघ्यातून पाय मारत, सायकल हाणल्यासारखे, आणि मागे सगळं पाणी गढूळ. कॉलेजात असताना त्या गढुळात ते कितीदा मला दिसेनासे झाले होते. मास्कमध्ये पाणी आलं. बाहेरचं की आतलं ते कळलं नाही. नाकाने फुंकून बाहेर काढलं.

वर आल्यावर चारिंगने बोटीच्या काठाला धरून विचारलं, "मग? पिशवी गाडीत टाकायची की गिऱ्हाईक बघू?"

"गाडीत," मी म्हटलं. मग म्हटलं, "नको. तुमच्याकडेच राहू दे. रेग्युलेटरला मेकॅनिक काय नवीन घालायचं ते घालू दे. भाड्याने द्या."

"तो तुकडा?"

"तोही बदला."

"विचार कर हं. नंतर मला बोलशील."

"बोलेन बहुतेक."

परतीच्या वाटेवर आईचा फोन आला. वापरलं की विकलं, तिने विचारलं. मी म्हटलं, "भाड्याने दिलं."



"कुणाला?" आईने विचारलं.