चढावर न्यूट्रल

ज्याच्या हाती चाक त्याच्या हाती जग, हे सत्य तुकारामभाऊंनी दिघीच्या जेटीवर खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, तेव्हा तीन खलाशी आणि एक पाववाला मिळून त्यांची गाडी फेरीबोटीवर ढकलत होते. ढकलणाऱ्यांना गाडी जरा जास्तच जड लागली.

गाडी नवी होती. तिला क्लच होता, पण तो दाबायची ती स्वतःच आणि गिअरही स्वतःच बदलायची. उरणच्या बंदरातून बत्तीस वर्षं ट्रेलर ओढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने घास चावून दिल्यासारखं वाटलं. पण डावा गुडघा गेला होता, डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून घेतली.

रोग असा की चढ आला की गाडी धक्के देई, काहीतरी करपल्याचा वास येई, समोर न्यूट्रलचा 'एन' लुकलुके आणि गाडी गिअर सोडून मोकळी होई. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चाले.

आणि हे फक्त भाऊ चालवताना. त्यांची बायको कमळ बावन्नाव्या वर्षी याच गाडीवर शिकली. तिच्या हाती गाडी मासळीच्या टोपल्यांसकट बोर्लीबाहेरची खिंड चढे, कुरकुर न करता.

भाऊंनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींवर जळून घेतलं होतं. शेजाऱ्याचा हापूस, मेहुण्याचे केस. पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीचा बायकोवर जीव जडलेला बघायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं.

"तू तिला काय सांगतेस?" एकदा त्यांनी विचारलंच.

"कोनाला?"

"गाडीला."

"काय न्हाय. बसते नि जाते."

रविवारी मुरुडला मेहुण्याच्या, कान्हाच्या, मुलीची हळद होती. कान्हा मंडपाच्या तोंडाशी उभा राहून कोण कशातून उतरतं ते बघणार, हे ठरलेलं. त्याच्यासमोर बायकोच्या शेजारच्या सीटवरून उतरण्यापेक्षा भाऊ खाडी पोहून गेले असते. म्हणजे रविवारच्या आत दोष सापडायला हवा होता, आणि तो गाडीतच सापडायला हवा होता.

श्रीवर्धनच्या मितेश मेकॅनिकने गाडी तिसऱ्यांदा घेतली. बॅटरी तपासली, वायरी हलवून पाहिल्या, मशीन लावलं. मशीन दरवेळी एकच सांगे : क्लच तापला. का तापला ते सांगेना. मग खिंडीत नेऊन त्याने स्वतः चालवली, गाडी ठणठणीत. कमळने चालवली, त्याहून ठणठणीत.

"काकी, काय हलका पाय आहे तुमचा," मितेश म्हणाला.

बत्तीस वर्षांत भाऊंच्या पायाबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता.

"काका, आता तुम्ही न्या. मी मागून स्कूटरवर येतो. काकी, बसा माझ्या मागे."

भाऊंनी आरशात पाहिलं. मितेश काहीतरी बोलला आणि कमळ हसली. भाऊंनी रेस दाबली. अर्ध्या चढावर वास आला, 'एन' लुकलुकलं, गाडी मोकळी झाली.

मितेश खिडकीशी आला. "काका, डावा पाय कुठे होता?"

"पायाच्या जागी."

"चढभर तुमचे मागचे लाल दिवे पेटलेले होते. उजवा पाय रेस देतोय, डावा ब्रेकवर. गाडीने चालायचं की थांबायचं? त्या ओढाताणीत क्लच तापतो, मग ती सोडून देते."

भाऊंनी खाली वाकून पाहिलं. डावा पाय ब्रेकवरच होता. निवृत्त होऊनही रोज कामावर हजर राहणाऱ्या कारकुनासारखा तो क्लच शोधत बसला होता.

"तुला ठाव होतं?" त्यांनी कमळला विचारलं.

"पयल्या आठवड्यापासून. शेजारची नीराबाई बोलली, तुजा नवरा चढाला लाल बत्ती लावून जातो."

"मग बोलली का न्हाईस?"

"बत्तीस वर्सं ट्रेलर हाकलात. एकदा तरी म्हनलात, कमळ, धर चाक?"

मितेशला अचानक स्कूटरची हवा तपासायची आठवण झाली.

भाऊंनी तीन दिवस सराव केला. डावा पाय पंच्याने सीटला बांधून पाहिला. पहिल्याच चढाला पंचा फाटला.

रविवारी कमळने गाडी एका दमात फेरीवर चढवली. पाववाला हात पुसत पुढे आला होता, तो हिरमुसून मागे गेला. भाऊ शेजारच्या सीटवर इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. पलीकडे उतरून गाडी मुरुडला आली.

वळणावर बँजोचा आवाज आला. मंडप दिसला, मंडपाच्या तोंडाशी कान्हा दिसला, त्याचे केसही दिसले.

"कमळ."

"व्हय."

"हॉर्न तेवढा मी वाजवू?"