माघारीचा दिवस

खुशालरावांनी मोबाइल चालू ठेवूनच ललितच्या हातात दिला आणि गाडीच्या टपावर थाप मारली.

"थेट धामणगाव रेल्वे. लोकेशन पाहतीन पक्षवाले. पाहू दे, फिरू दे येड्यावानी. फोन आला का उचलाचा, साहेब बाथरूममध्ये आहेत म्हणाचं. आन् कोण होतं ते गयासच्या फोनवर मले सांगाचं."

"दिवसभर बाथरूममध्येच, साहेब?" ललित ड्रायव्हरने भीतभीत विचारलं.

"माजी मंत्री हाय मी. बसू शकतो."

गाडी धुरळा उडवत अकोल्याच्या दिशेने गेली. खुशालराव वळले आणि लिंबाच्या बागेतून टिनाच्या खोलीकडे तरातरा चालू लागले. बाग बाळापूरच्या गयासुद्दीनची. गयासुद्दीन खोलीपुढे बाजेवर बसून लिंबं निवडत होता. दोघे एका बाकावरचे. चारचौघांत तो त्यांना साहेब म्हणे, एकांतात खुशाल.

"चाय घेतं?"

"राग आला हाय मले."

"मंग लिंबाची घे."

अर्ज मागे घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी तीनला मुदत संपणार होती. या दिवसाची आपल्याकडे रीत ठरलेली आहे. ज्याला पक्ष तिकीट देत नाही तो अपक्ष अर्ज भरतो आणि माघारीच्या दिवशी गायब होतो. मग पक्षाची माणसं त्याला शेतात, सासुरवाडीत, लॉजवर हुडकतात. सापडला की पाया पडतात, एखादं महामंडळ कबूल करतात, आणि तो डोळे पुसत तहसील कचेरीत येऊन 'बसतो', म्हणजे अर्ज मागे घेतो. नाहीच सापडला तर दुसऱ्या दिवशी पेपरात 'नॉट रिचेबल' म्हणून फोटो छापून येतो. इज्जत दोन्हीकडून. खुशालरावांनी आपल्या उमेदीत असे किती बंडखोर बाहेर काढले होते. एकाला तर कडब्याच्या गंजीतून, पायाला धरून.

आता ते चौऱ्याहत्तरचे होते. एके काळी अकरा महिने मत्स्यव्यवसाय राज्यमंत्री होते; मासे त्यांना चालत नसत, पण खातं त्यांनी मनापासून चालवलं. पाच वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात त्यांचा निरोपसमारंभ झाला. भाषणात "आता मी थांबतो" असं म्हणून ते खरोखरच क्षणभर थांबले. लोकांनी 'नाही, नाही' म्हणावं म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. त्या टाळ्या अजून त्यांच्या डोक्यात भणभणत होत्या. आणि यंदा तिकीट कोणाला मिळालं, तर विपुलला. ज्याला सभेच्या सतरंज्या उचलण्यापासून त्यांनी वर आणलं, त्या विपुलला. त्याच तिरीमिरीत त्यांनी अपक्ष अर्ज ठोकला होता.

"मले कायी निवडून याचं नाई," ते बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसत म्हणाले. "त्यानं फक्त याचं, हात जोडाचे, आन् म्हणाचं, साहेब, बसा."

"म्हटलं तर बसशील?"

"कायले बसन? हाकलून देईन त्याले!"

"मंग त्यानं कायले याचं?"

"म्हणाले काय जाते त्याच्या बापाचं!"

गयासुद्दीनने एक डागी लिंबू बाजूला टाकलं.

तासाभराने गयासुद्दीनचा फोन वाजला. खुशालरावांनी झडप घातली. ललित मूर्तिजापूर ओलांडून पुढे गेला होता.

"एक फोन आला साहेब. वहिनीसाहेबांचा. बीपीची गोळी घेतली का म्हणे."

"तू काय सांगतलं?"

"बाथरूममध्ये आहेत म्हटलं. त्या म्हणाल्या, किती वेळचे?"

दुसरा फोन ललितने नांदगाव पेठेजवळून केला. या वेळी त्याचा आवाज चढलेला होता. "साहेब, विपुलभाऊंचा फोन आला! खुद्द त्यायचा!"

खुशालराव उभे राहिले. एका हाताने त्यांनी जाकिटाचं बटण लावलं, जणू फोनमधून दिसणार होतं. "काय म्हणे?"

"नमस्कार म्हणे. मी विपुल बोलतो, तुमचा सेवक. आपलं बहुमोल मत मलाच द्या म्हणे."

"मंग?"

"मी म्हटलं साहेब बाथरूममध्ये आहेत. तर ते पुन्हा पयल्यापासून तेच म्हणाले. टेप होती, साहेब."

खुशालरावांनी फोन बाजेवर आपटला. तो उसळून लिंबांत पडला. "माहं मत मागते! मले! टेप लावून!" एवढ्या मोठ्याने ते ओरडले, की शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या. त्यांना पाहून ते चटकन खोलीच्या आडोशाला झाले. शेवटी ते लपलेले होते.

गयासुद्दीनने फोन पुसून खिशात ठेवला. "खुशाल, एक सांगू? जावई रुसला का सासरा मनवाले येते. पण सासराच राह्यला नसन, तर जावयानं रुसू नये. उपाशी राह्यते तो."

"तू मले अक्कल शिकवू नको. लिंबं मोज तू."

भाकर-ठेचा तसाच पडून राहिला. दीड वाजला. खुशालराव बागेच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत जात, रस्त्याकडे पाहत आणि पाय आपटत परत येत. वाटेत आलेल्या कावळ्याला त्यांनी ढेकूळ मारलं. नेम चुकला, तेव्हा कावळ्यावरही चिडले.

आणि मग गाडीचा आवाज आला. पांढरी, मोठी गाडी बागेच्या तोंडाशी थांबली.

"आला!" खुशालरावांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांनी तो रागीट करून घेतला. "हे पाह्य गयास, दोनदा नाई म्हणाचं. साहेब इथं नाईत. तिसऱ्या खेपेले त्यानं विचारलं, का मी आतून खोकलतो. मंग तू म्हण, आता काय लपवाचं."

ते खोलीत शिरले. खिडकीच्या फटीशी रिकाम्या क्रेटवर बसले, केसांवरून कंगवा फिरवला आणि घसा तयार ठेवला.

विपुल एकटाच आला. बाजेवर टेकला आणि ढिगातलं एक लिंबू उचलून हुंगू लागला.

"सलाम, चाचा. माल मस्त लागला यंदा."

"साहेब इथं नाईत," गयासुद्दीन म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

विपुल हसला. "म्हणजे आहेत. साऱ्या बाळापुराले मालूम हाय, चाचा. पण मी त्यायच्यासाठी नाई आलो. तुमच्यापाशी काम होतं. तीन वाजेपर्यंत त्यायले इथंच ठेवा. जेवू घाला, लवंडू द्या. कचेरीकडे तेवढं येऊ देऊ नका."

"काहून रे? तुले तर ते बसाले पाहिजेत."

"नाई ना! माह्यावर जे बुढे चिडून आहेत, ते साहेबाले मत देतीन. साहेब बसले तर तेच बुढे रागानं समोरच्याले देतीन. हजार-बाराशे मतं तर साहेब खातीनच. तेवढ्यात माही सीट निघते."

"आन् तेच निवडून आले तर?"

विपुलने लिंबू दुसऱ्या हातात घेतलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या त्यायले उभं," तो उठत म्हणाला. "शोभा हाय. चार लिंबं नेतो, चाचा."

खोलीतून कोणी खोकललं नाही.

गाडी गेली, धुरळा बसला, तरी दार उघडलं नाही. गयासुद्दीनने कडी वाजवली तेव्हा खुशालराव त्या क्रेटवर तसेच बसलेले होते. मानेच्या शिरा ताठ, कंगवा हातात. कंगव्याचे दोन दात मोडले होते.

"हजार-बाराशे," ते म्हणाले. "हजार-बाराशे म्हणते भैताड."

"पाणी पी."

"चाल!" ते ताडकन उठले. "माघार घेतो मी. आत्ताच्या आत्ता. पाहू दे त्याले, बुढे कोणाले देतात! माह्या जिवावर सीट काढाले निंघाला! मी अर्ज मांगं घेतो, आन् याले घरी बसवतो. गाडी बोलाव."

"गाडी नांदगाव पेठेत हाय. तूनच धाडली."

मग गयासुद्दीनने मोटारसायकलच्या मागचं लिंबाचं क्रेट सोडलं आणि तिथे माजी राज्यमंत्र्यांना बसवलं.

वाटभर खुशालराव त्याच्या कानात ओरडत होते. पक्षाला ओरडले, विपुलला ओरडले, पुढे आडव्या आलेल्या कापसाच्या गाडीला ओरडले. किती लोकांना त्यांनी नोकऱ्या लावल्या, कोणाच्या पोरीच्या लग्नात किती वेळ उभे राहिले, सगळं वाऱ्यावर गेलं. गयासुद्दीनला अर्धंच ऐकू येत होतं. उरलेलं त्याला पाठ होतं.

तहसील कचेरीसमोर जत्रा भरली होती. अजून वेळ होता. मोटारसायकल झाडाखाली लावून दोघे फाटकाकडे निघाले, तोच गर्दी दुभंगली. प्रतीक्षा नावाची जिल्हा परिषदेची माजी सदस्य, अशीच तिकीट न मिळालेली, पुढाऱ्यांच्या घोळक्यातून येत होती. एकाने तिच्यावर छत्री धरली होती, दुसरा तिची पर्स सांभाळत होता. तिचं तोंड रडून सुजलं होतं आणि खुललंही होतं. तिच्यापुढे विपुल उलटा चालत होता, हात जोडून.

"ताई, तुमी नाई तर मी नाई. तुमच्या पाया पडतो." आणि सगळ्यांदेखत तो खरोखरच वाकला. फोटोवाले धावले.

खुशालराव जागीच थांबले. मघाशी लिंबू धरलेला विपुलचा हात त्यांनी तिच्या पावलांवर टेकलेला पाहिला.

"चाल ना," गयासुद्दीन हळूच म्हणाला. "टाइम होते."

फाटकावरच्या जुन्या हवालदाराने त्यांना ओळखलं. त्याने कडक सलाम ठोकला आणि दोघांकडे, मग त्यांच्या मागे, आदराने पाहिलं.

"या साहेब, या. कोणाले घेऊन आले? तुमच्या बिगर कोणाची माघार होते का!"

खुशालरावांनी तोंड उघडलं. मागे कोणी नव्हतं. मागे एक मोटारसायकल होती आणि तिला लिंबाचा वास येत होता.

"सांग," गयासुद्दीनने त्यांना कोपराने ढोसलं. "अबे, सांग ना."

"कोणालेच नाई," खुशालराव ताठ उभे राहत म्हणाले. "पाहाले आलो. बंदोबस्त कसा काय हाय?"

"चोख हाय साहेब."

"पाण्याची सोय?"

"दोन कॅन ठेवल्या आहेत साहेब."

"सावली पाहिजे होती," खुशालराव म्हणाले. "लोक उन्हात उभे आहेत." हात मागे बांधून ते फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. हवालदार अदबीने मागे मागे होता. आतून टाळ्या ऐकू आल्या. प्रतीक्षाताईंची माघार झाली असावी. मग आणखी थोड्या वेळाने कोणीतरी आतून हात केला आणि हवालदाराने फाटक ओढून घेतलं.

"झालं साहेब. तीन वाजले."

खुशालरावांनी मान डोलवली. झाडापर्यंत ते ताठ मानेने चालत गेले. झाडाखाली मात्र गर्रकन वळले.

"असा काय पाह्यतं? लढतो मी! दाखवतो त्याले. एकेका बुढ्याच्या दारात जातो, एक घर सोडत नाई." रागाने त्यांचा आवाज चिरकला. मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी गयासुद्दीनच्या खांद्याला धरलं. "तुह्यापासूनच सुरू करतो. सांग, तू कोणाले देशील?"

गयासुद्दीनने किक मारली. मोटारसायकल पहिल्याच किकला सुरू झाली. तरी त्याने आणखी दोनदा मारली.