बुजवलेल्या फटी

मित्रांनो, मी एक पाटी आहे. वापरून वापरून जुनी झाले असते तर दुःख नव्हतं, पण मला दुरुस्तीने जुनं केलं.

माझा जन्म बदलापूरला, हिमानीच्या खोलीत झाला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीने माझ्यावर तांब्याच्या चिमुकल्या कड्यांच्या रांगा कोरल्या आणि प्रत्येक कडीत केसाएवढी फट ठेवली. माझ्यासारखीला मेटामटेरियल म्हणतात. आमचं मोल तांब्यात नसतं, नक्षीत असतं, आणि माझ्या नक्षीचा जीव त्या फटींत होता. वायफायच्या अँटेनापुढे मला उभं केलं, की चहूकडे सांडणाऱ्या लहरी मुकाट्याने एका दिशेने जायच्या. शेवटच्या खोलीतही फोन नीट चालायचा. शेजारी वाहवा करायचे. त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण निदान ते लांबून बघायचे.

हिमानीचे वडील चिंतामणराव मात्र जवळ आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते जन्मभर तपासनीस होते. दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. सोमवारी एका कंपनीचे लोक मला बघायला येणार होते. मी चालले, तर हिमानीला तिथे नोकरी. रविवारी ती बाहेर गेल्यावर या गृहस्थांनी भिंग लावून शोध लावला, की माझ्या झाडून सगळ्या कड्या तुटलेल्या आहेत. सगळ्या कड्या एकाच जागी कशा तुटतील, हा विचार करायला डोकं लागतं. नुसतं भिंग पुरत नाही.

मला पिशवीत घालून ते उल्हासनगरला गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्यानेही नंदीबैलासारखी मान डोलावली आणि कथिलाचे डाग देऊन एकूण एक फट बुजवली.

सोमवारी पाहुण्यांनी मोजून पाहिलं. मी नसताना जेवढा सिग्नल, तेवढाच मी असताना. हिमानीचा चेहरा उतरला. चिंतामणराव ऐटीत म्हणाले, "चालायला पाहिजे. सगळ्या कड्या मी कालच जोडून आणल्यात."

"बाबा, एकदा विचारायचं ना मला."

"त्यात विचारायचं काय? डोळ्यांना दिसत होतं."

पाहुणे चहा घेऊन गेले. नोकरी मिळाली नाही.

आता मी शोकेसमध्ये असते. चिंतामणराव मला रोज मऊ फडक्याने पुसतात. मला त्या हातांचा तिटकारा आहे. मुलांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळ्याच वस्तू सांगतात. मी सांगते, आधी विचारा, मग जपा. हिमानी नवी पाटी करते आहे. पण आता खोलीचं दार आतून लावून.